नैरोबीसाठी धुळ्याचा परवाना

धुळ्याच्या मोटार-परवाना कचेरीत मी त्यांना एकदाच पाहिलं. पारोळ्याकडचे शेतकरी, डोक्याला पागोटं. लेकीकडे नैरोबीला जाऊन तिथं भाड्याची मोटार स्वतः हाकणार होते, म्हणून आधी इथला परवाना हवा होता. परीक्षेत ब्रेक दाबताना ते सवयीनं "होऽ होऽ" म्हणत बैलांना थांबवावं तसं ओरडत होते. साहेब हसले, पण त्यांनी पास केलं.

"भाऊ, बठ्ठं जमनं! सगळं जमलं!" म्हणत त्यांनी मला मिठीच मारली.

"तिथं ड्रायव्हर मिळेल की," मी म्हणालो.

त्यांनी निंबाखाली बसलेल्या बायकोकडे बोट केलं. "बैलगाडीत ही जन्मभर मागं तोंड करून बसली. गेलेला रस्ताच पाहिला तिनं. आता शेजारी बसून येणारा पाहील."

हे ऐकताच त्या उठल्या आणि परीक्षेच्या उसन्या मोटारीत पुढं जाऊन बसल्या.