बिगूल, रुमाल आणि माझे आरोग्यशास्त्र

सुज्ञ मित्रमंडळहो, आज सकाळी धावड्याला जाऊन आलो. माझा वर्गमित्र गौतम अंथरुणास खिळला आहे. त्याच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला आहे.

सत्तरच्या दशकात आमच्या शाळेच्या बँडपथकात बिगूल एक आणि वादक तिघे होते: बौद्ध वस्तीतला गौतम, पाटलांचा सुरेश आणि प्रस्तुत महापुरुष. गौतमने फुंकला की सूर निघे. मी फुंकला की म्हशी बिथरत. गौतमची पाळी संपली की मी बिगुलाचे तोंड रुमालाने घासून पुसत असे. त्यास मी ‘आरोग्यशास्त्र’ म्हणे. सुरेशनंतर मात्र हे शास्त्र मला कधीही आठवले नाही.

शाळेने भंगारात काढलेला तोच बिगूल आज गौतमने उशाजवळून काढून माझ्या हाती दिला. मी तो तसाच ओठांना लावला.

खोकत खोकत तो हसला. “काऊन रे दत्त्या, रुमाल घरीच इसरला का?”

क्षमायाचनेचे एक संस्कृतप्रचुर वाक्य मी वाटेत पाठ केले होते. ते उमटलेच नाही. बिगुलातूनही नुसती हवा गेली.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला, “तुला पैल्यापासूनच दम न्हाई.”

मित्रहो, शाळेत तुम्ही कुणानंतर काय पुसून घेत होतात?