खव्याच्या फ्रीझरातली लस

“फ्लू आहे, आणि त्यातून न्यूमोनिया झालाय,” बीडचे डॉक्टर म्हणाले. न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसाला सूज. मला आधीच दमा, त्यात हे. दुष्काळात तेरावा महिना.

खाटेजवळ उभ्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं, “लस टोचली असती तर?”

फ्लूची लस दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. दमेकऱ्यांनी घ्यावीच, हे मला वडवणीच्या मेडिकलवरच्या सुनीतानं सांगितलं होतं. दम्याचा पंप घ्यायला गेले की ती आठवण करायची. शेवटी तिनंच माझ्यासाठी लस मागवली. मालक बर्फाच्या पिशवीतून ती घेऊन दवाखान्यात गेले, तर डॉक्टर परगावी. येणार थेट बाजाराच्या दिवशी.

मालक आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. पाऊस नाही, चारा नाही, दूध आटलेलं. खव्याचा फ्रीझर रिकामाच चालू होता. त्यांनी लस त्यात ठेवली.

“लई गार जागा हाय,” घरी येऊन म्हणाले. “कायबी व्हायचं न्हाई.”

बाजारच्या दिवशी आम्ही नवा बर्फ घ्यायला मेडिकलवर थांबलो. सुनीतानं पिशवी उघडली. लसीच्या खोक्याला अजून बर्फाचे कण चिकटलेले होते.

“काका, ही गोठली व्हती का?”

“मंग? चांगली दगडावानी.”

“मग न्हाई चालत. फ्रीजमधी ठिवा म्हनलं व्हतं मी, गोठवू नका. गोठली की गुण जातो.”

“वितळल्यावर हाय तशीच दिसतीया की.”

“दिसू द्या. काकूला ही टोचू देनार न्हाई मी.”

मला तिचा रागच आला. तिनं लगेच दुसरी मागवली, पण ती यायच्या आत मला ताप भरला.

डॉक्टर मालकांना म्हणाले, “लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण बहुतेक वेळा इतका जोर करत नाही.” त्यातलं शेवटचं तेवढं मालकांनी धरून ठेवलं.

माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मालक रोज उशाशी बसून म्हणायचे, “माझ्यामुळं झालं.” मी नाही म्हणायला हात हलवायचे. त्यांना वाटायचं, पाणी मागतेय. उठून नर्सला विचारून यायचे. रडायचीही सोय नव्हती, लगेच धाप लागायची.

मास्क निघाल्यावर मी पहिलं बोलले, “तुमच्यामुळं न्हाई.”

“मंग कुनामुळं?”

मी पाणी मागितलं, या वेळी खरंच.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर आधी डॉक्टर बसलेत का बघा, मगच लस हातात घ्या. कशी ठेवायची ते मेडिकलवर दहादा विचारा. सुनीताचे उपकार मला उशिरा कळले. ती गोठलेली लस टोचून मी निर्धास्त झाले असते, तर ताप अंगावर काढला असता आणि बीड गाठलंच नसतं.

यंदा तिनंच फोन केला, “डॉक्टर बसलेत, या.” मेडिकलवर तिनं बर्फाची पिशवी पुढं केली तसे मालकांनी हात मागं घेतले.

“हिच्याकडं दे,” म्हणाले.

मी घेतली. दवाखान्याच्या पायऱ्यांशी थांबले.

“धरा जरा. दम लागलाय मला.”

दम लागला नव्हता. पण पिशवी त्यांनी घेतली.