शालिकभाऊंचा सुतारपक्षी

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत पक्की बातमी होती की शालिकभाऊ दर सोमवारी काटेपूर्णाच्या जंगलात गुप्तधन शोधायला जातो. झाडं ठोकून पाहतो म्हणे; पोकळ वाजलं की खाली हंडा. बातमी खोटी. मी भिंतीला भिंत लावून राहतो, मला ठाऊक. ठोकतो तो सुतारपक्षी, शालिकभाऊ नुसता ऐकतो. आठवडाभर हातगाडीवर वांगी आणि सांभार (म्हणजे कोथिंबीर) विकायचा आणि सोमवारी पाखरामागं हिंडायचं, एवढंच त्याचं धन.

हा पक्षी दिसणं महाकठीण. तुम्ही खोडाच्या या अंगाला गेलात की तो त्या अंगाला सरकतो, वर्गणीवाली पोरं आली की मी सरकतो तसा. म्हणून आधी ठकठक ऐकायची, मग झाड हुडकायचं. सगळा खेळ कानांचा.

या हिवाळ्यात ती ठकठकच बंद झाली. एका संध्याकाळी गाडी झाकता झाकता भाऊ हळूच म्हणाला, "पाखरं गेली का माहे कान गेले, काई समजून नाई राह्यलं. घरी तुह्या पार्बतावहिनीले सांगू नको. तू चाल संगं."

"मले काहून नेता? बिबट्याले नाश्ता पायजे काय?"

"तुले खाल्लं त त्याचंच पोट बिघडन." पण तो माझ्या ओठांकडं टक लावून होता, आणि बोलताना हसला नाही.

सोमवारी सागाच्या वाळल्या पानांवरून निघालो. माझ्याच पावलानं पान वाजे आणि माझाच जीव दचके. तेवढ्यात उजवीकडून ठकठक आली, कुणी दार वाजवावं तशी. मी भाऊकडं पाहिलं. तो डावीकडं मान वाकडी करून उभा होता. "हाय काय काई?" त्यानं विचारलं.

काय सांगावं ते जुळवत होतो, तोच नाल्याकडून एक वानर खोकल्यासारखं ओरडलं. मग दुसरं. वानरं अशी ओरडली म्हणजे खाली बिबट्या, हे भाऊनंच येताना शिकवलं होतं. आणि भाऊ नाल्याकडंच चालू लागला.

मी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. पाठ वळेना. माझे पाय घराकडं पळायला निघालेले, ते त्याच्याकडं कसे गेले देव जाणे. सदरा धरून मी त्याला मागं ओढलं. त्यानं माझं तोंड पाहिलं, मग वर फांद्यांवर पाहिलं. वानरांची तोंडं उघडत होती, मिटत होती. भाऊ पांढराफटक पडला.

"वरडून राह्यले काय?"

"हो," मी कानाशी सांगितलं.

"अन् सुतार?"

"तोबी."

मोहाच्या बुंध्याला पाठ लावून, हातात हात धरून बसलो. नाल्यात काय होतं ते पाहिलं नाही, पाहायचंही नव्हतं. तो मला चिकटून बसला होता. मीही त्याला चिकटलो होतो, पण मला थंडी वाजत होती.

वानरं गप्प झाली आणि ठकठक पुन्हा सुरू झाली. मी वाळल्या सालईच्या झाडाकडं बोट केलं. भाऊ अलीकडं दगडासारखा उभा राहिला आणि हातानंच मला पलीकडून वळसा घालायला लावला. माझ्यापासून दडायला पक्षी सरकला, तो थेट भाऊसमोर. सोनेरी पाठ, लाल तुरा, असं त्यानं नंतर सांगितलं. मला शेपूटही दिसली नाही.

जंगलाबाहेर लावलेल्या मोटरसायकलपाशी आल्यावर मात्र माझ्यानं राहवेना. त्याच्या कानात ओरडलो, "भाऊ, आता घरीच बसा. वहिनीची बोलणी आयकू येत नाई, तेवढाच फायदा."

शालिकभाऊ म्हणाला, "पुढच्या सोमवारी माहे कान म्हनून तू येजो. तोंड घरी ठेवजो."