फुगडीसाठी कॉफी

माझ्या सासूबाई, रंगुबाई, कुणाच्या सोन्यानाण्यावर कधी जळल्या नाहीत. कुणाच्या बंगल्यावर नाही, कुणाच्या सुनेच्या नोकरीवरही नाही. त्यांचा जीव जळायचा तो एकाच गोष्टीवर. पंचमीला राहीबाईंचा हात दुसऱ्या कुणी धरला तर.

राहीबाई ही त्यांची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आष्ट्याजवळच्या आमच्या गावात आल्या. पहिल्या नागपंचमीला गावातल्या सगळ्या नव्या सुनांना न्यायला माहेरचं माणूस आलं, या दोघींना मात्र कुणीच आलं नाही. मग देवळापुढं त्यांनी एकमेकींचे हात धरून जी फुगडी घातली, ती तीस वर्षं सोडली नाही. माझं माहेर याच गावातलं, त्यामुळं मी परकरात असल्यापासून ती बघत आले. बाकीच्या जोड्या दमून बसायच्या आणि या दोघी फिरतच असायच्या. रंगुबाईंना दुसरं कसलं कौतुक कधी वाट्याला आलं नाही, हे मला त्यांची सून झाल्यावर कळलं.

गेल्या पंचमीला दहा-बारा फेऱ्यांतच त्यांना धाप लागली. वजन ब्याऐंशी किलो, गुडघे दुखरे. त्या बाजूला बसल्या आणि राहीबाईंनी सहज रेश्माकाकींचा हात धरला. रेश्माकाकी म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ. नवरा, जयराजकाका, फौजेत. वर्षभरात काकींनी दहा किलो वजन उतरवलं होतं. दोघी अशा फिरल्या की बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या आत्यांनी वाजवल्या नाहीत. मी सासूबाईंना आत्या म्हणते. घरी येऊन त्यांनी भाकऱ्या थापताना परातीवर जो राग काढला, तो पलीकडच्या आळीत ऐकू गेला असेल.

"मिलिट्री कॅन्टीनची कॉफी पिती ती, काळी," त्या म्हणाल्या. "त्यानंच उतरलीया. मलाबी आण."

रेश्माकाकी पहाटे बंधाऱ्यापर्यंत चालून येतात, रात्री अर्धी भाकरी खातात, हे अख्ख्या गावाला दिसत होतं. आत्यांना तेवढा कप दिसायचा.

मी कॉफी आणली. पण काळी त्यांच्या घशाखाली उतरेना. मग पाहुण्यांना करतो तशी केली. म्हशीचं सायीचं दूध, वर जायफळ. साखरेनं वजन वाढतं म्हणून गूळ, तोही सढळ हातानं. "आपल्या उसाचा हाय, घरच्या गुळानं काय हुतंय?" असं म्हणत दिवसातून चार वेळा. दोन महिन्यांनी गिरणीतल्या धान्याच्या काट्यावर उभ्या राहिल्या, तर चौऱ्याऐंशी. "तुजा काटा खोटा हाय," असं गिरणीवाल्यालाच सुनावून आल्या.

शेवटी मी त्यांना आष्ट्याला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी शांतपणे समजावलं. कॉफीनं थोडा वेळ भूक मरते, शरीर जरा जास्त ऊर्जा खर्च करतं, पण ते अगदी थोडं. वजन उतरतं ते बेतानं खाण्यानं आणि चालण्यानं. दूध-गूळ घातलात तर तीच कॉफी अंगावर चढते. फार प्यालात तर झोप उडेल, छातीत धडधडेल, हात थरथरतील. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. तेव्हा उपाशीपोटी नको, दुपारनंतर नको आणि दोन कपांपेक्षा जास्त तर नकोच.

एवढ्या बोलण्यातलं आत्यांनी घरी काय आणलं? "भूक मरती म्हणाल्या."

त्या दिवसापासून काळी सुरू झाली, नाक दाबून. सकाळी उपाशीपोटी मोठा पेला, मग दर दोन तासांनी एक. न्याहरी बंद, भाकरी चतकोर. मी भांडले, डबा लपवला. त्यांनी दुसरा आणवला. पंचमीपर्यंत सात किलो उतरले, नाही म्हणत नाही. पण बाई पार बदलली. सारखी छातीत जळजळ, जरा काही बोललं की अंगावर येणं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे मला उठवून विचारायच्या, "रेश्मी चालाय गेली का गं?" देवापुढं निरांजन लावताना काडी वातीला लागेना.

"आत्या, हात बघा तुमचा," मी म्हटलं.

"वय झालं गं."

वय काय आठ दिवसांत होतं? मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

यंदाच्या पंचमीला त्यांनी पुरणाच्या दिंडांना हात लावला नाही. तीन पेले कॉफी पिऊन देवळापुढं आल्या. राहीबाईंशेजारी रेश्माकाकी उभ्या होत्या. आत्या सरळ दोघींच्या मधे घुसल्या.

"राहे, हिकडं दे हात."

"आगं रंगू, झेपंल का तुला? हात किती गार पडल्यात तुजं."

"तिचं लय गरम हायती व्हय?"

राहीबाई हसल्या आणि त्यांनी हात दिले. पहिल्या फेऱ्या अशा झाल्या की मला माझं लहानपण आठवलं. बायका ओरडायला लागल्या. तेवढ्यात आत्यांनी फिरता फिरता मान वळवून रेश्माकाकींकडं बघितलं, आणि वेग वाढवला. घामेजलेली, थरथरती बोटं सुटली. आत्या बायकांच्या अंगावर पडल्या. राहीबाई देवळाच्या पायरीवर आदळल्या. त्यांचं मनगट मोडलं.

सांगलीला ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली. हाड जुळेल, पण या हातावर भार टाकून फुगडी आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आत्यांची कॉफी सुटली, झोप परत आली. रोज राहीबाईंकडं जाऊन त्यांचे केस विंचरतात, भाकरी करून देतात, रडतातही. राहीबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट, "रंगू, तू काय खाल्लंस का न्हाई?" असं विचारतात.

परवा आम्ही दोघी तिकडून परत येत होतो. वाटेत रेश्माकाकी भेटल्या. "आवं आक्का, राहीआक्काची फुगडी गेली ती गेलीच," असं म्हणून डोळे पुसत पुढं गेल्या. आत्या त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिल्या.

"माज्यामुळं झालं गं पोरी," त्या म्हणाल्या. मी त्यांची समजूत घालणार, तेवढ्यात पुढचं आलं. "पर आता तिलाबी त्यो हात मिळायचा न्हाई."

बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. मग पदर तोंडावर दाबून भर वाटेत उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडं काही बघेनात.