चूक कबूल न करणारे जहाजकाका

आमचे जहाजकाका कधीच चुकत नसत. म्हणजे चुकत भरपूर, पण कबूल करत नसत. साखरेऐवजी चहात मीठ पडलं, तर म्हणत, "चहा खारट लागून राहिला, हे खरं आहे. कसा झाला, त्यावर आपन काही बोलत नाही."

गोंदियाच्या राइस मिलांचा तांदूळ परदेशी पाठवायला जहाज ठरवून द्यायचं, ही काकांची दलाली. ऑफिस बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत. फोन आणि ईमेल बघायला मी तिथं नोकरीला होते. "इथं समुद्र नाही, अन् जहाजाचा धंदा कायले?" असं कोणी विचारलं की काका म्हणत, "लग्न जुळवनाऱ्याले सोताले थोडीच बोहल्यावर चढाचं असते?"

कबूल न करण्याची सवय त्यांना विम्यानं लावली. दलालाच्या चुकीच्या निरोपानं गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा त्यांनी काढला होता. एकदा त्याची गरज पडलीच. दोन जहाजांची बोलणी एकाच वेळी चालू होती. एकावर माल उचलायला क्रेन होत्या, दुसऱ्यावर नव्हत्या. काकांनी एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर सांगून टाकली. बंदरात जहाज आलं ते बिनक्रेनचं. किनाऱ्यावरची क्रेन मिळेपर्यंत तांदूळ गोदामात पडून, जहाज नुसतं उभं, आणि त्या उभं राहण्याचा भुर्दंड गिरणीवाल्या पटलेभाऊंच्या डोक्यावर.

पटलेभाऊ काकांचे शाळेपासूनचे मित्र. काका माफी मागायला निघाले. एक चप्पल पायात घातली होती, तेवढ्यात विमा कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. "आम्हाला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. सॉरीसुद्धा म्हणायचं नाही. नाहीतर विमा विसरा."

काकांनी चप्पल काढली.

दुसऱ्या दिवशी पटलेभाऊच ऑफिसात आले. "नुकसानीचं विमावाले पाहून घेतीन. तू फक्त म्हन, चुकलो."

काकांचे डोळे भरून आले. "समोसा खा," ते म्हणाले.

"चुकला का नाही?"

"गरम आहे."

पटलेभाऊंनी समोसा तसाच ठेवला. "आता तुया दारात पाय ठेवनार नाही," म्हणाले आणि गेले. काका उरलेला दिवस त्या समोशाकडे बघत बसले.

मग तोंडाला ती सवयच लागली. घरी गॅस सिलेंडर नोंदवायचं राहिलं, तर म्हणत, "नोंदवला गेला नाही, असं दिसून राहिलं." काकू वैतागून म्हणाल्या, "तं तुमच्या त्या वकीलबाईलेच सांगा सैपाक कराले."

अखेर वकीलबाईंचा फोन आला. तडजोड झाली होती, कंपनी भरपाई देणार होती. "आता काय बोलायचं ते बोला," त्या म्हणाल्या. काकांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट मिलवर नेलं. आत यंत्रांची धडधड.

"चुकलो," काका ओरडले.

"चुलत?" पटलेभाऊंनी कानाला हात लावला. "कोनाचा चुलत?"

"अरे, मी चुकलो! मी गाढव आहे!"

नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. यंत्रं थांबली आणि 'गाढव आहे' साऱ्या मिलनं ऐकलं. हमाल पोती टेकवून बघू लागले.

पटलेभाऊ शांतपणे म्हणाले, "हे तं मले शाळेपासून मालूम आहे. चल जेवाले."

त्यानंतर काकांना माफी मागायची चटकच लागली. नाकारलेल्या जुन्या रजेबद्दल माझी, खोटं नाणं दिल्याबद्दल ऑटोवाल्याची, आणि लग्नापासूनच्या एकेका गोष्टीबद्दल काकूंची. काकू म्हणाल्या, "बास करा, मले वाईट वाटून राहिलं."

मागच्या वर्षी काका-काकू लेकीकडे रायपूरला राहायला गेले. धंदा माझ्यावर सोपवला. स्टेशनवर पटलेभाऊ आणि मी होतो. गाडी सुटली तसे काका दारातून हातवारे करत काहीतरी ओरडू लागले.

"काय म्हनते?" पटलेभाऊंनी विचारलं.

"ऐकू नाही आलं."

"माफी मागत असन. आता अजून काय राहिलं होतं?" असं म्हणत त्यांनी रुमालानं डोळे पुसले, आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ते हलले नाहीत.

मी ऑफिसात परतले तर दाराला कुलूप. किल्ली काकांच्या खिशात रायपूरला चालली होती. तेवढ्यात फोन वाजला. "चूक माझीच," काका म्हणाले. "पुढच्या स्टेशनावर उतरू का?"

मी कुलूपवाल्याला शोधायला निघाले होते. "नका उतरू," म्हटलं. "असू द्या किल्ली तुमच्याजवळ."