खटक्यातला छर्रा

अण्णांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा किस्सा कधी एकटा येत नाही. डेअरीच्या रांगेत एकीनं "काल अण्णांनी काय केलं माहितंय?" म्हणायचा अवकाश, बाकीच्या पिशव्या खाली ठेवून सरसावतात. आमच्या गल्लीत पोरांना गिअरच्या सायकली आल्या आणि त्यांच्यामागोमाग संशय आला. हँडलवरचा गिअर बदलायचा खटका उघडला की आत इतके बारीक भाग, की अण्णांनी एखादा ढापला तर कळणार कसं? माझ्या घरात तर तसल्याच सायकलवरून उतारानं शाळेत जाणारा मुलगा अनिश, आणि दिसेल ते तोंडात घालणारी दीड वर्षाची सई. त्यामुळे संशयात माझा नंबर पहिला. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं त्याचा उपयोग एवढाच, की संशय जरा शास्त्रशुद्ध येतो.

*

शेजारच्या मंदावहिनींनी सायकल दुरुस्तीला देण्याआधी खटक्याच्या प्रत्येक स्क्रूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. बदलला तर लगेच पकडता यावा म्हणून. सायकल परत आली, तर एक ठिपका जास्तच.

वहिनी तणतणत दुकानात. अण्णा चहा पीत होते.

"आतला एक तुमचा ऱ्हायला होता वैनी. आमच्या हिच्याकडनं बाटली आणली आन् लावला की."

रंग जुळत नाही, ही वहिनींची तक्रार अजून आहे.

*

पाटीलकाकूंच्या नातवाच्या खटक्यातला एक दाता तुटला. बाजारात तसा मिळेना. अण्णांचा मेहुणा हुपरीत चांदीचे पैंजण घडवतो, त्याच्याकडून अण्णांनी तो करून आणला. हुपरी म्हटल्यावर काकूंनी ठरवलंच, हा आता चांदीचा भाव लावणार! त्या खटका घेऊन थेट गुजरीत सोनाराकडे गेल्या. सोनारानं कसाला लावून सांगितलं, पितळ आहे.

काकू तशाच अण्णांच्या दारात.

"पितळ घातलंस व्हय रे? आमी काय परकं हाय?"

*

एकदा आमच्या खटक्याची स्प्रिंग गेली, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याची सगळी बॉलपेनं बिघडली. कागदाला टेकवलं की टोक आत पळायचं. सईला कडेवर घेऊन मी दुकान गाठलं.

"अण्णा, आमच्या अनिशकडून पेनातल्या स्प्रिंगा मागवता का?"

"मी कशाला मागवू? त्योच घिऊन आलता. मी म्हटलं, लई मऊ हायत."

"मग तेव्हाच त्याला थांबवलं का नाहीत?"

"त्यो म्हनला, पप्पांच्या सायबाचं पेन बघतो."

*

मग एके दिवशी छर्रा गेला. मोहरीएवढी लोखंडी गोळी, पण ती नसली की गिअर उतारावर आपोआप सुटतो. सायकल नुकतीच दुकानातून आली होती. अनिशनं अंगणात खटका उघडून बघितला, कारण घरी आणल्यावर तपासायचं हे मीच शिकवलेलं. छर्रा नाही. मी तरातरा निघाले.

"गिरीस लावून घातलाय मी," अण्णा म्हणाले. "उघडला तवा जवळ कोन होतं?"

सई होती. तिच्या हनुवटीवर काळं दिसलं होतं. काजळ समजून मी ते पदरानं पुसलं होतं.

डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. त्यात एक गोल, पांढरा ठिपका. "घाबरू नका, केळं द्या, येईल बाहेर," ते म्हणाले. त्यानंतर मी कशाकशावर पाळत ठेवली ते इथं लिहीत नाही. पण आला बाहेर. मी तो उकळला, घासला, परत उकळला, आणि सईला कडेवर घेऊन अण्णांपुढे ठेवला.

अण्णांनी चिमट्यात धरून तो खटक्याच्या भोकाला लावला. जाईना.

"वैनी, ह्यो आमचा न्हवं. आमचा ह्याच्या निम्मा असतोय."

अण्णांनी सईकडं बघितलं. सई त्यांच्या लहान-मोठ्या छऱ्यांच्या उघड्या डबीकडं बघत होती. त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं.

"आनि एकदा फोटू काढा की," अण्णा म्हणाले.