बुटक्यांना हाक मारता येत नाही

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, खुब्याचं हाड मोडलं, त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून जिंतूरला घरी आले. माझं काम कॉम्प्युटरवरचं, घरूनही चालायचं. आई गेल्यापासून आबा एकटेच राहत होते.

दुपारी काम आटोपलं की मी त्यांच्या खाटेशेजारी बसून एक गेम खेळायचे. डोंगराच्या पोटात बुटक्यांची वस्ती वसवायची. गेम अर्धवट होता, बनवणाऱ्यानंच तसं लिहून ठेवलेलं. दवाखाना बांधता यायचा, पण त्यात वैद्य यायचा नाही. बुटक्यांना थेट हुकूमही देता येत नसे. आपण नुसती खूण करायची, इथं खणा, इथं भिंत घाला. कोण जाईल आणि कधी जाईल, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. भूक लागली की हातातलं टाकून ते जेवायला जायचे.

पहिले दोन दिवस आबांनी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "हे खोदायलेत, मग तू काय करायलीस?"

"मी खुणा करते."

"म्हंजी मुकादम हायेस."

ते हसले. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच.

आबांनी उभ्या आयुष्यात विहिरी खोदल्या. टोळीचे मुकादम तेच. त्यांना खडक कळायचा, ओल कळायची. ते मला सांगू लागले, "तिथून नको जाऊस, माय. वर तळं हाय." मी बऱ्याचदा ऐकायचे. एक दिवस मात्र नाही ऐकलं. तळ्याखालून रस्ता काढला तर अर्धी वाट वाचत होती.

पाणी फुटलं. बाकीचे बुटके पळाले, एक मात्र आत खणत राहिला. मी घाईनं खूण पुसली, तोवर बोगदा भरला होता.

"त्याला वर बोलव," आबा म्हणाले.

"बोलावता येत नाही, आबा. गेममध्ये ती सोयच नाही."

"कशी न्हाई?" ते एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

आमच्या घरात एक गोष्ट होती. राणीसावरगावाजवळ एका विहिरीत आबांच्या टोळीतला जोडीदार दरडीखाली गेला होता, मी तेव्हा पाळण्यात होते. आबांनी वरून हाक मारली, वर ये म्हणून. त्यानं ऐकलं नाही. मी हट्ट केला की आई हीच गोष्ट सांगायची. मोठ्यांचं न ऐकणाऱ्याचं काय होतं, ते कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून आबा म्हणाले, "म्या हाक मारली न्हाई."

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलत आहेत.

"माती गळायली होती. म्या बघितलं. म्हनलं, दोन टोपल्यांचं काम राहिलंय, तेवढं होऊ दे. लोकांनी इचारलं तवा तोंडातून निघून गेलं, हाक मारली म्हणून. मग तेच खरं झालं."

मला त्यांचा राग आला. लाजही वाटली, कारण त्या मेलेल्या माणसाला मीही हट्टी समजत आले होते. मी कप त्यांच्या हातातून घेतला.

वॉकर धरून चालता यायला लागल्यावर ते म्हणाले, "मला त्याच्या बायकोकडं घेऊन चल." मी जीप ठरवली.

जोडीदाराची बायको ओसरीवर तूर निवडत होती. आबांना तिनं लगेच ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. आबांनी पाणी बाजूला ठेवलं आणि आधी सांगून टाकलं, मला सांगितलं होतं तसंच. तिचा हात सुपातच थांबला.

ती म्हणाली, "मी लय शिव्या घातल्या त्याला, भाऊजी. मेल्यावर बी. ऐकलं असतं तर लेकरं उघडी पडली नसती म्हणून." मग तिनं डोळे पुसले. "माझा ल्योक शेतात गेलाय. तो येईस्तोवर बसा. त्याला तुमच्या तोंडानं सांगा."

आम्ही दोन तास बसलो. ती पुन्हा तूर निवडू लागली. आबांचा पाय दुखत होता, पण खाटेवर आडवे व्हायला ते तयार होईनात.

मुलगा आला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. त्यानं उभ्यानंच सगळं ऐकलं. माझी नजर जमिनीवर होती. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "शेवटी काय बोलला व्हता बाप?"

"तंबाखू मागितली होती," आबा म्हणाले. "वरून टाकली म्या. त्यानं झेलली."

मुलानं मान हलवली. ते वाक्य कुठं ठेवावं कळत नसल्यासारखा तो अंगणाकडे बघत राहिला. मग त्यानं वॉकर उचलून जीपमध्ये ठेवला, आबांना काखेत हात घालून बसवलं आणि दार लावलं. पुन्हा या, असं तो म्हणाला नाही. आम्हीही तशी अपेक्षा केली नव्हती.

परतताना गंगाखेडला गाडी थांबली तेव्हा आबांनी भूक लागल्याचं सांगितलं. आम्ही टपरीवर भजी घेतली. ते हळूहळू, सगळी संपेपर्यंत, खात राहिले.